फाडलेल्या चिठ्ठ्या आणि सावेडीचं घर

बेलिफाच्या तोंडावर दार लावण्याच्या जितक्या तऱ्हा आहेत, तितक्या सगळ्या मी पाहिल्या आहेत. कुणी हळूच लावतं, कुणी आपटतं. कुणी आतून सांगतं, "मालक गावाला गेलेत," आणि तेवढ्यात मालकांना खोकला येतो. राहुरीकडच्या एका गृहस्थांनी तर समन्स चुकवायला धान्याच्या कणगीत बसून घेतलं होतं. मी ओट्यावर निवांत बसलो. बाजरीची धूळ नाकात गेल्यावर माणूस किती वेळ दम धरणार? पाव तासात सहा-सात शिंका आल्या. मी त्यांच्या बायकोला म्हटलं, "बाई, कणगीला सर्दी झालेली दिसते." ते स्वतःच झाकण उचलून बाहेर आले, सही केली आणि वर मलाच म्हणाले, "रुमाल आहे का?"

आमचं काम काय ते आधी सांगतो, कारण सुशिक्षित माणसंही बेलिफाला पोलीस समजतात. कोर्ट हुकूम लिहितं. तो हुकूम माणसाच्या दारापर्यंत नेणारा तो बेलिफ. समन्स द्यायचं, नोटीस द्यायची, जप्ती करायची, लिलाव पुकारायचा, कब्जा द्यायचा. नोटीस घ्यायची कुणी नाकारली तर दोन पंच बोलवायचे आणि ती त्याच्या दाराला डकवायची, मग ती पोचली असं धरतात. आमच्याजवळ काठी नाही, बंदूक नाही. एक पिशवी, तिच्यात कागद, शाईचा डबा, अंगठे घ्यायला पॅड आणि खळीची वाटी. नगरच्या कोर्टात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी सायकलवर आणि निम्मी एस.टी.च्या मागच्या बाकावर गेली.

लोकांना वाटतं बेलिफाला दयामाया नसते. श्रीगोंद्याकडे एकदा मी म्हैस जप्त केली. ती धन्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना. शेवटी ज्याची म्हैस जप्त झाली तोच सकाळ-संध्याकाळ येऊन धार काढायचा, दूध मोजून सावकाराच्या माणसाला द्यायचा आणि जाताना म्हशीच्या पाठीवर थाप मारून जायचा. सहाव्या दिवशी सावकारच कंटाळला आणि म्हणाला, "बेलिफसाहेब, तडजोड लिहा." मी आनंदानं लिहिली.

जप्तीला गेलेला बेलिफ काय घेऊन आला ते सगळे बघतात. काय सोडून आला ते कुणी विचारत नाही. खरं कसब तिथं असतं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, यांना हात लावायचा नाही असा कायदा आहे. पण हे घरगुती भांडं आणि हे धंद्याचं, ही रेघ जागेवर बेलिफालाच ओढावी लागते. अशीच एक रेघ मी जामखेडला ओढली होती.

देवराम सुपेकरांचं जामखेडला बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, गॅसबत्त्या, लग्नाच्या पंगतीची भांडी, सगळं भाड्यानं द्यायचं. पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला त्यांनी सगळा माल नवा घेतला, बराचसा उधारीवर. कनाती नव्या, छत नवं, बांबू नवे. त्याच लग्नसराईत एका लग्नात आचाऱ्याच्या चुलाणातली ठिणगी कनातीवर गेली. माणूस कुणी भाजलं नाही, नवरा-नवरी सुखरूप निघाली, पण मंडप राहिला नाही. उधारीचे धनी सात होते. ते दुसऱ्या दिवसापासून दारात येऊ लागले. सुपेकरांनी पळ काढला नाही. नगरला येऊन स्वतःच कोर्टात नादारीचा अर्ज दिला. नादारी म्हणजे कोर्टापुढं कबूल करायचं, की माझ्यानं देणं फिटत नाही, माझं जे आहे ते घ्या आणि वाटून टाका. मग कोर्ट एक रिसीव्हर नेमतं, तो सगळं ताब्यात घेतो आणि विकून धनकोंना वाटतो.

रिसीव्हरच्या वतीनं यादी करायला मी गेलो. दुकानात जळक्या कनाती, मोठ्या पराती, हंडे, काचा फुटलेल्या गॅसबत्त्या. सगळं लिहिलं. मग घरात. भाड्याच्या दोन खोल्या. स्वयंपाकाची चार भांडी होती, ती सोडली. एक पातेलं मात्र अडचणीचं होतं. पन्नास माणसांची आमटी मावेल एवढं. धनकोंमधले सगळ्यात मोठे कापडवाले शेठ, त्यांचे मुनीम माझ्याबरोबर होते. ते म्हणाले, "हे भाड्याचं आहे, लिहा."

मी सुपेकरांच्या पत्नीला, हौसाबाईंना विचारलं, "बाई, हे घरचं की भाड्याचं?"

त्या म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू भाऊ? भाड्याला जायाचं. पन पानी तापवाया दुसरं भांडं न्हाई घरात."

मी यादीत लिहिलं, "पाणी तापवण्याचं भांडं, एक, घरगुती, सोडलं." मुनीम रागावले. मी त्यांना कायद्याचं कलम सांगितलं आणि ते बरोबर होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

पण त्याच दिवशी मी एक चूकही केली. घरात लाकडी पाळणा होता, नक्षीचा. मुलगी हौसाबाईंच्या कडेवर होती, पाळणा रिकामा. मी तो फर्निचरमध्ये लिहिला. पाळणा हे अंथरूणच की. त्या वेळी मी तरुण होतो, यादी भरगच्च दिसावी असं वाटायचं. हौसाबाईंनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. पुढं तो पाळणा लिलावात कुणी घेतला याची मी चौकशी केली, पण पत्ता लागला नाही. एकतीस वर्षांत मी पुष्कळ काही उचलून आणलं, त्यातलं हे एक मनातून जात नाही.

त्यानंतर सुपेकर जामखेडातून गेले आणि मी त्यांना विसरलो. नगरजवळ नागापूरला तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते. एकदा तिथं एका कारखान्याच्या मॅनेजरवर समन्स बजावायला गेलो आणि दुपारी जेवायला म्हणून पत्र्याच्या खाणावळीत शिरलो. आत कामगारांची गर्दी. चुलीवर ते पातेलं. मी ओळखलं, कारण त्याच्या काठाला एक पोचा होता आणि तो मी यादीत नमूद केला होता. हौसाबाईंनीही मला ओळखलं. वाढताना फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पोटभर जेवा." पैसे मात्र चोख घेतले, ते मला फार आवडलं.

त्या दोघांनी त्या एका पातेल्यावर खाणावळ उभी केली होती. पहाटे चारला भाकरी थापायला सुरुवात, दुपारी सायकलवर डबे, रात्री पुन्हा पंगत. मंडपवाल्याला शंभर माणसं एका वेळी जेवू घालायची सवयच असते.

आता त्र्याहत्तरच्या माघातली गोष्ट. दुष्काळाचं साल. जिकडं तिकडं खडी फोडायची कामं चालली होती आणि नगरात पाण्याला रांगा होत्या. सावेडीच्या अंगाला दोन भावांचं एक घर होतं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं न्हाणी आणि थोडं अंगण. वाटपाच्या दाव्यात भावांना ते वाटून घेता येईना. एकानं म्हणे भिंतीची रुंदी कुणाच्या वाट्याला यावरून दोन वर्षं खटला चालवला. शेवटी कोर्टानं हुकूम केला, की घर लिलावात विका आणि पैसे वाटून घ्या. दवंडी द्यायला मी हलगीवाल्याला घेऊन गेलो. हलगी वाजली, मी जाहीरनामा वाचला आणि दाराला डकवला. वळून पाहतो तर सायकलला डबे लटकवलेले सुपेकर एक पाय जमिनीवर टेकवून उभे.

दुसऱ्या दिवशी ते कोर्टाच्या व्हरांड्यात आले. म्हणाले, "बेलिफसाहेब, ते घर मला घ्यायचंय. लग्नाला अठरा वर्सं झाली, आजवर सात घरमालक केले. आता आमच्या मालकीचं पहिलं घर करायचंय. बोली कशी लावायची तेवढं सांगा."

मी सांगितलं. मग सहज विचारलं, "नादारीतून सुटल्याचा हुकूम घेतलाय ना?"

"कसला हुकूम? सगळ्यांचे पैसे देऊन टाकले मी. सातच्या सात. मुद्दल देऊन वर व्याजबी."

"पावत्या?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. "पावत्या कशाच्या? चिठ्ठ्या फाडल्या की."

मी कपाळाला हात लावला. जामखेडच्या बाजारातली ही रीत मला ठाऊक होती. उधारीची चिठ्ठी धनकोकडं असते. देणं फिटलं की तो ती तुमच्या डोळ्यांसमोर चार तुकडे करून फाडतो आणि हातावर गुळाचा खडा ठेवतो. संपला व्यवहार. वर पावती मागणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर संशय घेणं. सुपेकरांनी सात गुळाचे खडे खाल्ले होते आणि ते निर्धास्त झाले होते.

बाजारात ते मोकळे होते, पण कोर्टाच्या दफ्तरात अजून नादारच होते. आणि नादार माणसानं घर घेतलं तर ते त्याचं होत नाही. ते जातं रिसीव्हरकडं, धनकोंना वाटायला. म्हणजे ज्यांचे पैसे व्याजासकट फिटले, त्यांच्याच नावानं हे घर पुन्हा लिलावात यायचं, आणि हलगी वाजवायला पुन्हा मीच जायचो.

मी त्यांना सोपा रस्ता सांगितला. "वहिनींच्या नावावर घ्या."

ते सायकल घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी हौसाबाई स्वतः आल्या, हाताला अजून पीठ होतं.

"भाऊ, तुमी म्हनं माझ्या नावावर घर घ्या म्हनला?"

"सोपं पडेल म्हणून म्हटलं."

"सोपं पडंल. पन जामखेडात काय म्हंतील? लोकाचं बुडवलं आन् बायकूच्या पदरात दडवून ठिवलं हुतं. सात वर्सं भाकरी थापली ती यांचं नाव धुवून निघावं म्हनून. घर हुईल तर यांच्या नावानं हुईल, न्हाई तर भाड्यात हाय ती बरी हाय."

मी त्यांना वकिलाकडं घेऊन गेलो.

वकिलानं अर्ज केला, की देणी फिटली आहेत, नादारी रद्द करावी. जज्जसाहेबांनी सातही धनकोंना नोटीस काढली. तारीख पडली ती नेमकी लिलावाच्या दिवसाची. सकाळी अर्जाची सुनावणी, दुपारी तीनला सावेडीत लिलाव. मध्ये सतरा दिवस. नोटीस एकाला जरी पोचली नाही तर तारीख पुढं जाणार, आणि लिलाव काही थांबणार नव्हता. आमच्याकडं सात नोटिसा सतरा दिवसांत बजावून आल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. जामखेडची एकच नोटीस कधी कधी दोन महिने फिरायची.

मी नाझरसाहेबांकडं गेलो. नाझर म्हणजे आम्हां बेलिफांचे वरिष्ठ. म्हटलं, "जामखेडची बॅच मला द्या." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. उन्हाचं जामखेड मागून घेणारा बेलिफ त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. बेलिफानं कुणाची बाजू घ्यायची नसते आणि मी ती घेतली नाही. मी फक्त दिरंगाई केली नाही. आमच्या खात्यात लोकांना तेवढंही बाजू घेतल्यासारखं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

पहिले पाच एका आठवड्यात झाले. भांडीवाल्यांनी तर नोटीस डोळ्यांना लावली. म्हणाले, "देवरामनं माझे पैसे आणून दिले त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटलेत. येतो की." सहावा धनको बांबूवाला गणपा. त्याच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, गणपा वारून चार वर्षं झाली, त्याची बायको पारूबाई ऊस तोडायला राहात्याकडं गेलीय.

मी नगरला येऊन तसा शेरा मारला, वारसाला नोटीस देण्याचा हुकूम घेतला आणि राहात्याची एस.टी. धरली. उतरल्यावर तीन फडांवर विचारत फिरलो. चौथ्या फडावर पारूबाई सापडल्या, डोक्याला फडकं बांधून मोळी बांधत होत्या. कोर्टाचं नाव काढताच त्यांनी मोळी खाली टाकली.

"म्या कुनाचं काय देनं लागत न्हाई."

"तुमचं नाही बाई. देवराम सुपेकर तुमचं देणं लागतो का, एवढंच कोर्टाला विचारायचंय."

"त्यो? त्यो कशाला लागंल? आमचं मानूस गेलं तवा तेराव्याला आल्ता. म्हनला, वैनी, गनपादादा गेला पर मी हाय. वर्साच्या आत समदं आनून दिलं. चिठ्ठी म्या चुलीत घातली."

"हेच कोर्टात येऊन सांगाल?"

शेजारी मुकादम उभा होता. तो म्हणाला, "जायाचं तर जा, पन खाडा धरला जाईल. दोन दिसाचा."

पारूबाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "धरू दे खाडा. गुळाचा खडा दिल्ता त्याला म्या. दिऊन खोटं पडायचं व्हय?" आणि पॅडवर अंगठा आपटला.

राहिले सातवे, कापडवाले शेठ. सगळ्यात मोठे धनको आणि सगळ्यात आधी पैसे मिळालेले. जामखेडच्या पेठेत पुढं त्यांचं दुकान, मागं घर. मी नोटीस पुढं केली तर त्यांनी हात मागं घेतले. आतल्या खोलीत नेऊन हळू आवाजात म्हणाले, "अहो, ती रक्कम मी बुडीत दाखवून बसलोय. आता कोर्टात उभं राहून मिळाली म्हणू, तर इन्कमटॅक्सवाले मला सोडतील का? मी नोटीस घेत नाही. मी घरी नव्हतो असं लिहा."

"पण तुम्ही घरी आहात."

"पानसुपारीचं बघतो की तुमच्या."

एकतीस वर्षांत मला पानसुपारी दाखवणारे कमी भेटले नाहीत. मी काय केलं नाही ते इथं लिहून मोठेपणा मिरवत नाही. त्या दिवशी काय केलं ते सांगतो. मी बाहेर आलो. लग्नसराईचे दिवस होते. दुष्काळ असला तरी लग्नं काही थांबत नाहीत, बस्ता बांधायला दोन वऱ्हाडं गादीवर बसली होती. मी पेठेतलेच दोन पंच बोलावले, पंचनामा लिहिला, "नोटीस घेण्यास नकार", खळीची वाटी काढली आणि कायद्यात सांगितल्याप्रमाणे नोटीस दुकानाच्या दर्शनी फळीला नीट चारही कोपरे दाबून डकवली. वर ठळक अक्षरात छापलेलं होतं, "नादारी अर्ज".

एका वऱ्हाडातले म्हातारे उठून फळीजवळ गेले. त्यांना सगळं वाचता येत नव्हतं, पण तेवढं आलं. मागं वळून आपल्या माणसांना म्हणाले, "शेठचं दिवाळं निघालं का काय? उठा रं, दुसरीकडं बघू." ते वऱ्हाड उठलं. त्यांचं बघून दुसरं उठलं. मी एस.टी. स्टँडवर पोचेपर्यंत ती बातमी माझ्या पुढं पोचलेली होती. चहावाला मलाच सांगू लागला, "कळलं का, शेठ बुडाले."

नोटीस डकवली की काढायची सोय नाही, तो कोर्टाचा कागद. मी पुढचे आठ दिवस दुसऱ्या कामात होतो. पण ऐकलं असं, की शेठ दुकानात बसून येणाऱ्या प्रत्येकाला, "मी नाही हो, तो सुपेकर," असं सांगत होते, आणि लोक मान हलवून जात होते.

तारखेच्या दिवशी सकाळी सात धनकोंपैकी कोर्टाच्या दारात सगळ्यात आधी कोण उभं असेल? शेठ. जामखेडची पहिली गाडी धरून आले होते. सुपेकर धुतलेला शर्ट घालून भिंतीला टेकून उभे होते. हौसाबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. पारूबाई त्यांच्या शेजारी, अंगावर तेच फडातलं लुगडं.

जज्जसाहेबांनी एकेकाला विचारलं, पैसे मिळाले का? मिळाले. चिठ्ठी कुठं आहे? फाडली. तिसऱ्यांदा "फाडली" ऐकल्यावर साहेबांनी लेखणी खाली ठेवली. सरकारी कामात कागद नाही म्हणजे काहीच नाही. त्यांनी पारूबाईंना विचारलं, "बाई, पैसे मिळाल्याचा तुमच्याजवळ काही पुरावा?"

पारूबाई म्हणाल्या, "सायेब, चिठ्ठी असती तर पैसं ऱ्हायलेत असं झालं असतं. चिठ्ठी न्हाई ह्योच पुरावा. मंग ह्या सात जनांत कुनाकडं चिठ्ठी हाय का इचारा की."

जज्जसाहेबांनी पारूबाईंकडं क्षणभर पाहिलं आणि खरंच विचारलं, "कुणाजवळ चिठ्ठी आहे?" सात जणांनी माना हलवल्या. शेवटी शेठांची पाळी आली. ते उभे राहिले ते हात जोडूनच. "चुकते साहेब, सगळे चुकते, व्याजासकट. फक्त माझ्या दुकानावरचा तो कागद काढायला सांगा." साहेबही हसले, पहिल्यांदाच. आणि लेखणी उचलून हुकूम लिहिला. देणी पूर्ण फिटली, सबब नादारी रद्द.

सुपेकरांना पहिल्यांदा कळलंच नाही. वकिलानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आता मी कोन?" वकील म्हणाले, "देवराम सुपेकर." मला तिथं उभं राहायला वेळ नव्हता, हलगीवाला खाली वाट बघत होता.

दुपारी तीनला सावेडीत पंधरा-वीस माणसं जमली होती. दोघे भाऊ एकमेकांकडं पाठ करून उभे. सुपेकरांखेरीज खरा बोलीवाला एकच, वीटभट्टीवाले एक ठेकेदार. सुपेकरांनी पहिली बोली दिली, तसे ठेकेदार पुढं आले.

"बेलिफसाहेब, हा माणूस नादार आहे. जामखेडात विचारा. ह्याची बोली तुम्ही घ्यायची कशी?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. सुपेकरांचा चेहरा उतरला. सात वर्षं जिथं जातील तिथं तो शब्द त्यांच्या आधी पोचलेला असायचा. माझ्या नोकरीत मी हजारो हुकूम मोठ्यानं वाचले, त्यातले बहुतेक कुणाला तरी रडवणारे. त्या दिवशी मी आवाज चढवला तो हौसेनं. "होते. आज सकाळी अकरा वाजल्यापासून नाहीत. कोर्टानं हुकूम केलाय, मी तिथं हजर होतो. बोली घेतली."

ठेकेदारांनी बोली वाढवली. सुपेकरांनी वाढवली. पुन्हा ठेकेदार. मग सुपेकर थांबले. त्यांनी ठरवलेला आकडा संपला होता हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी पुकारा सुरू केला. "एक वार..." आम्हांला पुकारा किती सावकाश करायचा याचा नियम नाही. मी घसा साफ केला. पाणी मागितलं, दुष्काळात ते यायलाही वेळ लागला. सुपेकर पडवीपाशी उभ्या असलेल्या हौसाबाईंकडं बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली, होकारार्थी, एकदाच. सुपेकरांनी आणखी शंभर वाढवले. ठेकेदारांनी भिंतीकडं बघितलं, छपराकडं बघितलं, सायकलवर टांग टाकली. एक वार, दोन वार, तीन वार.

चौथा हिस्सा जागेवर भरायचा असतो. तो त्यांनी जेवणाच्या डब्यातून आणला होता, खालच्या कप्प्यात. बाकीचा पंधरवड्यात भरला. लिलावावर हरकत घ्यायला महिन्याची मुदत असते, तीही कुणाच्या हरकतीशिवाय गेली. चैत्र संपता संपता मी कब्जा द्यायला गेलो.

कब्जा देणं हे आमच्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम. एकाच्या हातात किल्ली द्यायची म्हणजे दुसरं कुणीतरी ट्रंक घेऊन रस्त्यावर उभं असतं. त्या दिवशी रस्त्यावर कुणी नव्हतं. भाऊ आधीच आपापल्या सासरवाडीच्या गावी गेले होते. मी कुलूप काढलं, किल्ली सुपेकरांच्या हातात दिली आणि पडवीत बसून अहवाल लिहू लागलो. "देवराम सुपेकर यास घराचा प्रत्यक्ष कब्जा दिला." मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाव परत वाचा." मी परत वाचलं. मग त्यांनी सही केली, फार सावकाश.

आत ठक्-ठक् असा आवाज आला. मला वाटलं काही मोडलं की काय. डोकावून पाहिलं तर हौसाबाई भिंतीत खिळा ठोकत होत्या, बत्त्यानं. बत्ता घरून आणला होता, खिळे पदराला बांधून. चुन्याच्या भिंतीचा पापुद्रा खाली पडत होता.

मी विचारलं, "वहिनी, एवढ्यात काय टांगायचंय?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "आजवर एका बी मालकानं खिळा ठोकू दिला न्हाई भाऊ." आणि त्यांनी पदरातून दुसरा खिळा काढला.